गर्डरखालची शालू

मोंढ्यात आमच्या आडतीच्या दुकानापुढं तुरीची पोती उतरून घेत होते, तेवढ्यात शालूच्या धाकट्या भावाचा फोन आला. "सरूताई, अक्का गेली…" एवढंच बोलला. हमाल विचारत होता, पोती कुठं लावू? मला काही सुचेना. महिना होत आला, अजून सुचत नाही.

परतूरची शालू भारताकडून बॅडमिंटन खेळली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ती शिकली कुठं, हे मात्र मीच सांगावं, कारण जाळीच्या पलीकडे मी असायचे. तिचे वडील आमच्या शाळेत मास्तर, माझे बाबूजी आडत व्यापारी. माल उचलला गेला की आमचं गोदाम रिकामं व्हायचं आणि आम्ही दोघी सुतळीची जाळी बांधून तिथं खेळायचो. पत्र्याचं छत ठेंगणं, त्याखाली आडवा लोखंडी गर्डर. शटल त्याला लागलं की मारणारीचा पॉइंट गेला, असा आमचा नियम. जिला आधी दिसेल तिनं ओरडायचं, "गर्डर!" त्यामुळे शालूचा फटका जाळीला घासून, सरळ, सणसणीत यायचा. मला तर तो दिसायचाच नाही हो!

पुण्याला राज्याच्या निवड चाचणीला मी तिच्यासोबत गेले. एवढा उंच हॉल आम्ही जन्मात पाहिला नव्हता. समोरच्या मुलीनं पहिलंच शटल उंच उडवलं आणि आमच्या बाईसाहेबांनी रॅकेट खाली घेऊन ठणकावलं, "गर्डर!" शटल मागं रेषेच्या आत पडलं. हॉलभर हशा पिकला. थोड्या वेळानं पुन्हा तेच! उंच गेलेलं शटल तिच्या लेखी मेलेलंच. पहिला गेम गेला, निवड हातची चालली. निवड करणारे एक सर म्हणाले, "बाळ, आधी उंच खेळायला शिकून ये." शालू पाणी प्यायला आली, तेव्हा मीच रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "सरू, मला उंच मारता येत न्हाई. मंग तिलाबी मारू द्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

आणि मग काय खेळली ती! फटक्यामागून फटका, असा सपाट अंगावर, की त्या मुलीला शटलखाली रॅकेट न्यायला उसंतच मिळेना. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. निवड झाली. पुढं डेन्मार्क काय, मलेशिया काय… टीव्हीवर तिचा फटका बघितला की अंगावर काटा यायचा. अरे, हा तर आपल्या गोदामातला!

खेळणं थांबवल्यावर पुण्यातून बोलावणी होती, पण ही परत आली, पोरींना शिकवायला गोदाम मागायला. बाबूजी म्हणाले, "बेटा, छत उंच करून देतो." ही म्हणाली, "नको बाबूजी. उंच मारणं त्या कुठंबी शिकतील. इथं गर्डर राहू द्या." शेवटी आजारानं उभं राहवेना, तेव्हा जाळीशेजारी खुर्ची टाकून बसायची. आवाज बारीक झाला होता, तरी तिनं "गर्डर!" म्हटलं की सगळ्या पोरी जागच्या जागी थांबायच्या. मला त्या बाईचं नवल कधी सरलंच नाही.

ती गेल्यापासून पोरी येईनाशा झाल्या. हे सगळं तिच्याबरोबरच संपतं की काय, अशी धास्ती घेतली मी. परवा त्यांना घरोघरी जाऊन बोलावलं, गोदामाचं कुलूप काढलं. बुजतच खेळू लागल्या. एकीचं शटल गर्डरला थडकून खाली पडलं. खेळ थांबला. सगळ्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. शटल कुणी उचलेना…

मी ओरडले, "गर्डर!"

त्या पोरीनं वाकून शटल उचललं आणि पलीकडे दिलं.