अकरा टिकल्यांची सीडी

धुरपताबाईचा आवाज गेला त्याला तीन वर्षं झाली. घशाचं ऑपरेशन झालं, जीव राहिला, आवाज गेला. हिंगणीतल्या लोकांना ते अजून पचलेलं नाही. जिचं बोलणं नदीपल्याडच्या वावरात ऐकू जायचं, तिच्या तोंडाशी आता कान न्यावा लागतो. राग मात्र जसाच्या तसा आहे. तो काढायला ती एक ताट आणि पळी जवळ ठेवते. पळी वाजली की नवरा प्रेमदास हातातलं काम टाकून येतो. दोनदा वाजली तर शेजारीही येतात.

त्या दुपारी पळी वाजत होती ती मेघाच्या नावानं. मेघा ही धाकट्या बहिणीची मुलगी, वर्ध्याला कॉलेजात शिकवते. हिंगणीतलं दारूबंदीचं महिला मंडळ तिनं पुन्हा उभं केलं होतं. रविवारी मोर्चा होता आणि मोर्च्यात मंडळातल्या मुलींना धुरपताचं जुनं गाणं म्हणायचं होतं. शब्द धुरपतानं पुटपुटत सांगितले, मेघानं लिहून घेतले. पण चाल पुटपुटून सांगता येत नाही. मुलींनी अंदाजानं म्हणून दाखवलं तर धुरपतानं पळी आपटली.

"हे लग्नातलं गानं हाय काय? आमी दारूवाल्याच्या दारात उभं राहून म्हनत होतो हे."

चाल आता एकाच जागी उरली होती, एका जुन्या सीडीत. ती वाजवणारा टेप उंदरांनी कधीच कुरतडला. मेघाच्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही, म्हणून तिनं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला होता. तो पोळपाटाएवढाही नव्हता. सीडी आत गेली की घरघर करायचा, टिकटिक करायचा आणि गप्प बसायचा.

"मावशी, हा वाचूनच नाई राह्यला."

अंगणात कूलर धुणारा प्रेमदास ओल्या हातानं आत आला. "कोन वाचून नाई राह्यलं?"

"सीडी, मावसाजी. ड्राइव्ह सीडी वाचत नाई."

"असं बोल ना मंग. मले वाटलं दवाखान्यात पडलेले अल्लीपूरचे किसनराव गेले."

धुरपतानं मेघाचा कान जवळ ओढला. "मी एसटीच्या पाट्या पाहू पाहू वाचाले शिकली. येवढ्या मशीनले नाई येत?"

ते खरंच होतं. शाळा तिनं फक्त बाहेरून पाहिली. गावामागच्या नाल्याकाठी हातभट्ट्या लागल्या तेव्हा ती तक्रार घेऊन ठाण्यात गेली. साहेब म्हणाले, तोंडी चालत नाही, लेखी आणा. मग ती स्टँडवर जाऊन उभी राहू लागली. वर्धा, सेलू, हिंगणी. गाडीवरचं नाव कंडक्टरला विचारायचं आणि घरी येऊन कोळशानं भिंतीवर काढायचं. वर्षभरानं तिनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. साहेबांनी त्यातल्या चुका मोठ्यानं मोजल्या, अठरा निघाल्या. धुरपता म्हणाली, "साहेब, चुका मोजता येते तर भट्ट्या काऊन मोजता येत नाई?"

अर्ज तिथेच पडून राहिला. मग धुरपतानं बाया गोळा केल्या, तिला धरून अकरा, बौद्ध वस्तीतल्या सहा, गावातल्या पाच. भरदिवसा दारूवाल्याच्या दारासमोर बसायचं आणि त्यानं दार लावलं तरी गायचं.

भट्टी कोनाची जळते वो बाई, भट्टी कोनाची जळते
चूल माही थंडी पडते वो बाई, चूल माही थंडी पडते

एकाच दारावर सलग नऊ दिवस म्हटलं. दहाव्या दिवशी दारूवाल्याच्या बायकोनंच दार उघडलं आणि ती यांच्यात येऊन बसली.

मेघा इकडे एकेक करून पाहत होती. आधी तिनं वायर बदलली. वीज कमी पडत असेल म्हणून दोन पिनांची वायर लावली. सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली. मग धुरपताच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोंची सीडी घातली, ती झटक्यात उघडली.

"म्हंजे हा फोटोची घेते, गान्याची नाई घेत," मेघानं निकाल दिला. प्रेमदासनं डब्यातून भीमजयंतीच्या गाण्यांची सीडी काढून दिली. ती खणखणीत वाजली. मेघाचा निकाल तिथेच बाद झाला.

मंडळाची सीडी पुन्हा आत गेली. या वेळी मेघानं कानाऐवजी हात लावला. ड्राइव्ह थरथरत होता, टेबलावर हळूहळू सरकतही होता. तिनं सीडी काढून उलटी केली. वरच्या अंगाला एका कडेला टिकल्यांचा पुंजका चिकटलेला होता. मरून, लाल, एक काळी.

"मावशी, ह्या कोनं लावल्या?"

कोणी लावल्या हे सांगायला धुरपताला आवाज असता तर संध्याकाळ झाली असती. सन दोन हजार सातमध्ये अकराही जणी वर्ध्याला गेल्या होत्या. स्टेशनजवळ एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. सात गाणी होईपर्यंत लुगडी घामानं भिजली. दुकानदारानं सीडीवर आपल्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात छापलं आणि म्हणाला, अकरा नावं मावत नाहीत. धुरपताला लिहिता येत होतं, पण आपलं एकटीचं नाव लिहायला ती तयार नव्हती. तेव्हा आनंदाबाईनं कपाळावरची टिकली काढली आणि सीडीवर दाबली. "हे घ्या, माही सही." मग एकामागून एक सगळ्यांच्या सह्या झाल्या, दुकानाचं नाव सोडून उरलेल्या जागेत. रुख्मिणीचं कपाळ मोकळं होतं. नवरा त्याच दारूनं गेला होता. तिनं शोभाबाईकडून एक टिकली मागून घेतली, दुकानाच्या काचेत पाहून कपाळावर लावली, जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग सीडीवर लावली.

रुख्मिणी आता नाही. अकरातल्या चौघी गेल्या.

"जुना टेप हळू फिरे म्हणून चालून गेलं," मेघा म्हणाली. "हा जोरात फिरते. एका बाजूनं वजन झालं का डगमगते. टिकल्या काढा लागन."

पळी उचलली गेली, पण ताटावर पडली नाही. टिकल्या ठेवल्या तर गाणं जातं, गाणं काढायचं तर रुख्मिणीला खरवडावं लागतं. शेवटी तिनं सीडी मांडीवर घेतली आणि नखानं आधी स्वतःची टिकली उचलली. टिकलीसोबत चंदेरी पापुद्रा निघून आला. खालून आरपार दिसायला लागलं. मेघानं सीडी हिसकावून घेतली.

"थांबा मावशी. कडेले गानं नाई म्हणून बरं. आनखी काढल्या तर सीडीच जाईन."

प्रेमदास दारातून म्हणाला, "कूलरचा पंखा डगमगते तेव्हा आपन पातं कापतो काय? समोरच्या पात्याले वजन देतो. थांब, एम-सील आनतो."

"माह्या सीडीले एम-सील?" धुरपताच्या ओठांवरून ते दोघांनाही कळलं.

ती उठली आणि फडताळातून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. आधी तिनं स्वतःची निघालेली टिकली होती तिथे दाबून बसवली. मग पुंजक्याच्या बरोबर समोर, दुकानाच्या नावावर, नव्या टिकल्या लावायला घेतल्या. अकरा झाल्या तरी ड्राइव्ह थरथरतच होता.

"आताच्या टिकल्या मुंगीएवढ्या," प्रेमदास म्हणाला. "आनखी लाव."

सोळाव्या टिकलीला दुकानदाराचं नाव पुरतं झाकलं गेलं. ड्राइव्ह घरघरला, सरकला नाही, आणि लॅपटॉपवर सात गाण्यांच्या सात ओळी आल्या.

मेघानं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि यादीतलं दुसरं, भट्टीचं गाणं सुरू केलं. आधी ढोलकी, मग धुरपताचा आवाज. जाड, थोडा फाटलेला, कोणाची परवानगी न घेणारा. मागून दहा जणी. मेघानं हा आवाज लहानपणापासून फक्त रागात ऐकला होता. प्रेमदासनं ओले हात लुंगीला पुसले आणि पुसतच राहिला.

धुरपता डोळे मिटून ऐकत होती. दुसरं कडवं संपलं तशी पळी ताटावर एकदा वाजली. मेघानं गाणं थांबवलं आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"पोरीइले बलाव. पहिल्यापासून लाव. आन त्याहिले सांगजो, दुसऱ्या ओळीत मधात दम घेऊ नका. आमी घेतला नाई."