हात चाचींचे, कान चाचांचे

आटेवाल्या चाची चालू काम मधेच थांबवून गप्प बसायच्या. अंगणात पोत्यांवर मोटारसायकल आडवी निजवलेली, बोल्टाच्या घासलेल्या भोकात नवे आटे पाडणारा टॅप अडकवलेला, गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, आणि चाची टॅपच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून स्वस्थ. ओसरीतल्या लोखंडी खाटेवरून टक टक असा दोनदा आवाज आला की मग हात पुन्हा फिरायचे. देवळाली प्रवराच्या शाळेवर नवा होतो तेव्हा मला हा काहीतरी उताऱ्याबिताऱ्याचा प्रकार वाटला होता.

खाटेवर फिटरचाचा असायचे, चाचींचे मालक. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली. पुढे अर्धांगवायूनं उजवी बाजू नेली आणि बोलणंही नेलं. डावा हात आणि कान तेवढे शाबूत राहिले. जुन्या ओळखीनं लोक आटे गेलेल्या गाड्या घेऊन घरी येतच राहिले, तेव्हा एक दिवस चाचींनीच त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी उघडली. टॅप नीट कापत असताना आवाज कसा येतो आणि अडायला लागला की कसा, हे चाचा पडल्या पडल्या ओळखायचे. डाव्या हातातली चांदीची अंगठी खाटेच्या नळीवर एकदा वाजली की थांबायचं, पाव फेरा मागं घ्यायचा, चुरा मोकळा करायचा. दोनदा वाजली की पुढं. "हात माजे, कान त्यांचे," असं चाची सांगायच्या. त्यात कौतुक करून घ्यायचा भाग नसायचा.

माझी त्यांची ओळख माझ्याच आडदांडपणामुळे झाली. पाना हातात आला की मला उगाचच बळ येतं. इंजिनाचं ऑइल घरच्या घरी बदलायला गेलो आणि खालचा बोल्ट असा आवळला की शेवटी तो नुसता गरगर फिरायला लागला. चाचींनी तो बोटांत धरून उजेडात पाहिला. आट्यांत ऑइलच्या चेंबरचा चंदेरी चुरा अडकला होता.

"गुरुजी, पयल्यापास्नं पाना लावला व्हय?"

"नाही हो. आधी हातानंच लावला होता."

खाटेवर अंगठी एकदा वाजली.

"ते म्हनतेत, न्हाई," चाची शांतपणे म्हणाल्या.

पोरांच्या थापा पकडण्याचा पगार घेणारा माणूस मी. मुकाट्यानं कबूल झालो.

"पयले तीन आटे बोटांनी," हा त्यांच्या घरचा कायदा होता. बोल्ट बोटांनी तीन फेरे सरळ गेला तरच पान्याला हात लावायचा. नाही गेला तर काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. काम झालं की नवा बोल्ट त्या स्वतः कधी बसवायच्या नाहीत. ज्यानं आटे घालवले त्याच्याच हातात द्यायच्या. पांढरेशुभ्र कपडे घातलेल्या एका बागायतदाराला त्यांनी ऑइलच्या डागांत उकिडवा बसवून तीनदा बोल्ट काढायला लावलेलं मी पाहिलंय. "जोर सगळ्यांकडं हाय. दम न्हाई," एवढंच म्हणाल्या. घरातल्या नळाची तोटी आणि कुकरच्या दांड्याचा स्क्रूसुद्धा याच कायद्यानं चालायचा.

गिऱ्हाईक दारात आलं की त्या आधी गाडीकडे बघायच्या नाहीत. आत जाऊन चाचांचं तोंड पुसायच्या, पाठीशी उशी लावून त्यांना अंगणाकडे वळवायच्या, टोपी नीट करायच्या. मग पोती अंथरायच्या.

एकदा एक टेम्पोवाला घाईत होता. मी ओसरीच्या पायरीवर चहा घेत होतो. चाची तिसऱ्यांदा थांबल्या तसा तो वैतागला. "चाची, तुमाला ह्ये झोपेत बी जमतंय. त्यांना कशाला इचारत बसता?"

चाचींनी बोटाला लागलेलं ग्रीस पोत्याला पुसलं, उठल्या, आणि खाटेपर्यंत आवाज जाणार नाही इतक्या जवळ जाऊन त्याला म्हणाल्या, "मला जमतंय रं. पन त्यांच्याकडं आता येवढं येकच काम उरलंय. ते बी मी काढून घेऊ व्हय?"

टेम्पोवाला खाली बसला. मीही नंतर त्या अंगणात कधी घड्याळ बघितलं नाही.

पुढे माझी बदली झाली आणि आम्ही सावेडीला राहायला आलो. चाचा गेल्याचं मला कळलं ते चाळिसावा होऊन गेल्यावर. चाचींनी पेटी बंद केली, असंही कानावर आलं. कोणी गाडी घेऊन गेलं की त्या दारातूनच सांगायच्या, "आता कान न्हाईत." सोनईला दिलेली लेक त्यांना कायमची घेऊन जाणार आहे म्हटल्यावर मी भेटायला गेलो. अंगणात गाडी लावली तर खाली ऑइलचा थेंब पडला, मग दुसरा. या खेपेला पाना मी धरला नव्हता, पण ते कोणाला पटवणार?

चाचींनी थेंबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लेक उद्या येनार हाय," म्हणाल्या. पुन्हा थेंबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोती आना."

ऑइल काढलं, गाडी आडवी केली. ओसरीत खाट तशीच होती, गादी गुंडाळून ठेवलेली. मी तिच्या कडेवर टेकलो. चाचींनी ग्रीस लावून टॅप भोकात धरला, तीन फेरे बोटांनी दिले, मग दांडा लावला. थोडं काम झालं आणि त्या थांबल्या. हात दांड्यावर, मान खाली. अंगणात कसलाच आवाज नव्हता. टॅपच्या आवाजातलं मला काडीचंही कळत नव्हतं, आणि चाचांच्या जागी बसायची माझी लायकीही नव्हती. पण चाची हलत नव्हत्या.

मी गाडीची किल्ली खाटेच्या नळीवर दोनदा वाजवली.

चाचींनी मागं वळून पाहिलं नाही. हात फिरायला लागले.

"उशीर केलात, गुरुजी," खालमानेनं त्या म्हणाल्या. "ते येवढा येळ लावत न्हवते."

पुढच्या वेळी त्या थांबल्या, तेव्हा मी उशीर केला नाही.