पोरांची पट्टी

“खा,” सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला. “तूच खा आधी. आमच्यादेखत.”

माझी आय जमिनीवर बसली होती. म्हणजे बसवली होती. समोर केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर दूधभात, गूळ कालवलेला. बाजूला विझलेली पणती आणि काळ्या मण्यांची मनगटी, तान्ह्या पोरांच्या हातात घालतात तसली. भोवती बिल्डिंगमधली माणसं. गॅलरीतून वाकलेल्या बायका. मी आयच्या पदराला धरून उभी होते. असेन दहा-अकरा वर्षांची.

सेक्रेटरीच्या मुलाचा ताप उतरत नव्हता. आणि त्याच्या बायकोनं आयला मागच्या आवारात, भोकराच्या झाडाखाली, पान ठेवताना पाहिलं. अमावस्या, भात, काळे मणी. झालं. करणी केली म्हणाली. पायऱ्या उतरता उतरता सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं.

“नाय ओ साहेब,” आय म्हणाली. “त्यो आमचे पोराचा भात हाय.”

“कुठाय तुझं पोर?”

आयनं जमिनीकडं बोट केलं.

वरून कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसला नाही. तो घाबरला होता, हे मला आज कळतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात चार माणसं असली की तो काय वाटेल ते करतो. त्यानं चपलेच्या टोकानं पान आयकडं सरकवलं. “काही घातलं नसशील, तर खायला काय होतंय तुला?”

आयनं खाल्ला. मान खाली घालून, एकेक घास. मेलेल्याच्या नावानं काढलेलं पान कावळ्यानं शिवावं, गाईनं खावं, नाहीतर मुंग्यांनी न्यावं. जित्या माणसानं खाऊ नये. आणि आईनं तर नाहीच नाही. तिच्या घशाखाली उतरत नव्हता तो भात. पाणी कुणी दिलं नाही. ती चावत होती आणि आवार एवढं गप्प झालं होतं की मला तिचं चावणं ऐकू येत होतं. अजून येतं. जेवायला बसले की कधी कधी मध्येच येतं, आणि मग माझं पान तसंच राहतं.

खाऊन झाल्यावर त्यानं तिला नाक घासायला लावलं. पुन्हा या आवारात पाऊल टाकणार नाही म्हणून. तिनं घासलं. नाकाला लागलेली माती तिनं घरी येईपर्यंत पुसली नाही. मला वाटलं, विसरली. ती विसरली नव्हती. त्या मातीखाली माझा भाऊ होता.

आम्ही आगरी. मुलुंडचे. बापूस खाडीकडच्या मिठागरात मीठ ओढायचा. आमची घरं आधी गावात होती आणि गावामागं एक लांबट जमीन होती, तिला आम्ही पोरांची पट्टी म्हणायचो. खेळायची जागा नव्हे ती. दात यायच्या आधी गेलेलं पोर आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावातली तसली सगळी पोरं तिथं होती. एकेका घरची दोन-दोन, तीन-तीन. दगड नाही, नाव नाही. पण प्रत्येक आईला आपली जागा बरोबर ठाऊक असायची.

माझा भाऊ दामू गोवरानं गेला. मी त्याला दिवसभर कडेवर घेऊन हिंडायचे. पोरीची कंबर वाकडी होईल म्हणून आय ओरडायची. तो गेला त्या दिवशी बापूसनं मिठागरातून टोपलीभर मीठ आणलं. पोराच्या अंगाखाली मीठ घालतात, वरही घालतात, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरत नाहीत. स्वतः ओढलेलं मीठ बापूसनं स्वतःच्या पोराच्या अंगावर घातलं. नंतर कितीतरी दिवस आय कालवणात मीठ टाकताना थांबायची.

मग माणसं आली. फाळणी झाली आणि सिंधी निर्वासित आले, आधी बराकीत, मग कॉलनीत. कच्छी आले, त्यांनी दुकानं थाटली. मद्रासी बाबू आले. गिरगावच्या चाळीत मावेनासे झाले ते ऑफिसवाले आले, हवा चांगली आहे म्हणून. येणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माणूस पोटासाठी येतो, नाहीतर जिवासाठी पळून येतो. पण जमीनदारानं गावाची जमीन विकली तेव्हा पट्टीही विकली. आम्हाला विचारलं नाही. विचारायला कागदावर आमचं होतं काय? आमची घरं उठली आणि मिठागराच्या कडेला, चिखलात गेली. पट्टीवर तीन मजली बिल्डिंग उभी राहिली. सोसायटी. पाठीमागचं आवार तेवढं मोकळं राहिलं, एका भोकरासकट.

बाजारात आमची बोली बोलणारं माणूस दिसेनासं झालं. माझ्याच गावात भाजीवाली माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. मुंबईत सगळ्यांना एक सवय असते, ओळख झाली की विचारतात, गाव कुठलं तुमचं? कुणी रत्नागिरी म्हणतं, कुणी भुज, कुणी कराची. मी म्हणायचे, हेच. तर हसायचे. “अगं तसं नाही, मूळ गाव?” आता याला काय सांगायचं?

त्या अमावस्येनंतर आय आवारात गेली नाही. शब्द दिला होता ना. ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहून भोकराच्या शेंड्याकडं बघायची आणि परत यायची. घरात दूधभात कालवणं तिनं बंद केलं. एकदाच बोलली, चुलीपुढं बसल्या बसल्या. “त्याचा घास मी गिललाय. त्यो उपाशी हाय.” बापूस म्हणाला, “नाय गं.”

मी पंधरा-सोळाची झाले तेव्हा आयनंच मला त्या बिल्डिंगमध्ये कामाला लावलं. तळमजल्यावर एक सिंधी म्हातारी होती, सगळे तिला अम्मा म्हणत. ती पापड करून विकायची. पापड लाटायला तिला पोरगी हवी होती. मी म्हटलं, त्या आवारात मी मरून जाईन पण पाय टाकणार नाही. आय म्हणाली, “जा बाय. त्याच्याजवल कुनीतरी असू दे.” मग गेले.

अम्माच्या मागच्या खिडकीतून भोकर दिसायचं. मी लाटायचे आणि कान द्यायचे. काय ऐकायचं होतं मला, कुणास ठाऊक. दामू हसताना उचकी दिल्यासारखा आवाज काढायचा. तो यावा असं वाटायचं. कधीच आला नाही. खूप वाईट वाटायचं मला त्याचं. वाटायचं, ओळख विसरला की काय हा.

सेक्रेटरी जिन्यावर भेटायचा. मला ओळखायचा नाही. आमच्यासारख्यांची तोंडं ही माणसं लक्षात ठेवत नाहीत. तो सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होता. त्या वर्षांत मुंबई कुणाची यावरून सभा चालायच्या. तो सगळ्या सभांना जायचा, आवाज बसवून घरी यायचा. मुंबई मराठी माणसाची, म्हणायचा. मी पापडाची पाटी डोक्यावर घेऊन बाजूला उभी राहायचे आणि तो जायचा. त्याच्या मराठी माणसात मी कुठं बसते, हे विचारायची माझी फार इच्छा होती. जीभ रेटत नव्हती.

मग बिल्डिंगला पाणी पुरेना, म्हणून जमिनीखाली टाकी बांधायची ठरली. मागच्या आवारात. वडारी आले, भोकरापासून जरा अलीकडं खणायला लागले. मी खिडकीत होते. हातातलं लाटणं तसंच राहिलं.

दुपारी एका वडाऱ्यानं कुदळ थांबवली. वाकला. मग दुसऱ्याला हाक मारली. ते सगळे वाकून बघत उभे राहिले. एकानं डोक्याचं फडकं काढलं. जे दिसलं त्यावर त्यांनी हातानं माती लोटली, हत्यारं गोळा केली आणि मजुरी न मागता गेले. जाताना त्यांच्यातली एक बाई सेक्रेटरीला म्हणाली, “लेकरं हायती. लय हायती.”

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं, आपण कशावर झोपतो ते.

अम्मा खिडकीशी आली. मला म्हणाली, “तेरा कोई है उधर?”

मी म्हटलं, “भाई.”

तिनं हातावरचं पीठ झटकलं. “मेरा भी एक उधर मिट्टी में है. सिंध में. अब उधर कौन जाता होगा?” आयनं भात खाल्ला तेव्हा हीसुद्धा गर्दीत उभी होती. मला आठवत होतं, तिलाही आठवत असणार. ती पुन्हा पिठाकडं वळली.

त्यानंतर बिल्डिंगची झोप उडाली. सेक्रेटरीच्या बायकोला रात्री पोरं रडताना ऐकू यायला लागली. मग वरच्या मजल्यावर ऐकू आली. कुणाचं दूध नासलं तरी तेच कारण, कुणाचं पोर पडलं तरी तेच. भटाकडून शांत करून घेतली, होम केला. एक कुटुंब दादरला निघून गेलं. टाकीचा खड्डा अर्धवट पडून होता आणि कुणी मजूर त्यात उतरायला तयार नव्हता. मी रोज त्या खिडकीत बसत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांना कसं येतं, म्हणून मला राग यायचा. भाऊ माझा, आणि रडायचा यांच्याकडं?

आणि एके दिवशी सकाळी सेक्रेटरी आमच्या दारात आला. मिठागराच्या बांधावरून, जुन्या गावकऱ्यांची घरं विचारत, धोतर वर धरून, बूट चिखलात. हातात नारळ आणि खण. बापूस कामावर होता. आयनं घाईघाईनं बाजेवरची गोधडी झटकली, त्याला बसायला दिलं. तो बसला. आयकडं बघून म्हणाला, “आई, तुमच्याकडं एक काम होतं.”

आई. तुमच्याकडं. त्या दिवशी हाच तिला ‘तूच खा’ म्हणाला होता.

मग त्यानं सांगितलं. “तुमच्यात जे काय करतात ते करा. येत्या अमावस्येला या. तुमच्या हातानं ती पोरं उचला आणि दुसरीकडं कुठंतरी न्या. त्यांना सांगा, जा म्हणून. तुमचं ऐकतील. मग दरवर्षी मागच्या दारानं येऊन भात ठेवलात तरी कुणी काही म्हणणार नाही. मी शब्द देतो.”

आय नारळाकडं बघत होती. तिचा हात थोडा पुढं झाला. माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, “जाऊ गं? भात घालाया देतान ते.”

एवढी वर्षं ती एका मूठभर भातासाठी झुरली होती. होय म्हटलं असतं तर तिला तो घालता आला असता. आणि मोबदल्यात काय? तर पोराला उठवून सांगायचं, बाळा, तूपण नीघ आता. गावातून आम्हाला उठवलं, आम्ही उठलो. आवारातून हाकललं, नाक घासून निघालो. आता मेलेल्यांनीही जागा खाली करायची. आणि ती खाली करून कुणी द्यायची, तर आईनं. त्याला भुताचं भय होतं, आमचं नव्हतं. आम्ही ऐकणारी माणसं, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. आम्हीही धरून ठेवलं होतं, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि त्याच्यापेक्षा मला माझीच चीड आली.

मी नारळ उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“आय येणार नाही,” मी म्हटलं. “आमची पोरं कुठं जात नाहीत.”

“तुला कळतंय का काय बोलतेयस?” त्याचा जुना आवाज परत आला. “कोण तू?”

“जिला तुम्ही भात खायला लावलात, तिची पोरगी.”

तो आयकडं बघायला लागला. नीट, पहिल्यांदाच. त्याला आठवलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. आय मान खाली घालेल असं मला वाटलं. तिनं घातली नाही.

तो उठला. “बाहेरून मजूर आणीन,” म्हणाला. “पोत्यात भरून खाडीत टाकायला लावीन. तेव्हा रडू नका.”

“आणा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पापड लाटायला गेले नाही. सरळ मागच्या आवारात गेले आणि खड्ड्याच्या तोंडाशी, मातीच्या ढिगावर बसले. दिवसाउजेडी. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. थोड्या वेळानं आय आली. फाटकाशी थबकली, शब्द दिलेला ना. मग तिनं पाऊल आत टाकलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पाठोपाठ गावातल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या आल्या. जी ती आपापली जागा हुडकून बसली. अम्मानं खिडकी उघडली. बाहेर आली नाही, पण उघडी ठेवली.

सेक्रेटरी खाली आला. “ही सोसायटीची जागा आहे. उठा.”

कुणी उठलं नाही. मला कुणाला हाकलायचं नव्हतं. वरच्या माणसांनी राहावं, पोरं वाढवावीत, झोप येत असेल तर झोपावं. पण कशावर झोपतो हे त्यांना ठाऊक असायला हवं आणि ते ठाऊक असलेलं माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवं. आजवर कुणी ऊठ म्हटलं की आम्ही उठत आलो. ते आता बंद. मी त्याच्याकडं बघून सांगितलं, “कुदळ मारायची तर आधी मला मारा. नाहीतर तुमची टाकी दुसरीकडं खणा.”