बसून पळालेले चार किलोमीटर

माझ्या वडिलांचा उजवा पाय साखरेनं गेला, गुडघ्याखाली. नंतरची दोन वर्षं ते कॉटखाली एकच चप्पल ठेवून झोपायचे. त्यामुळे डॉक्टर मला म्हणाले, "तीन महिने देतो, साखर खाली आणा, नाहीतर इन्सुलिन," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती एकटी चप्पल आली.

चाकणच्या कंपनीत मी पार्ट तपासतो. आठ तास उभ्यानं काम, वर रहाटणी ते चाकण आणि परत, बसमध्ये अंग आंबून जातं. फिरायला जायचं कधी? यावर लेकीनं तोडगा काढला. तिनं स्वतःच्या पगारातून व्यायामाचा व्हिडिओ गेम आणला. मांडीला पट्टा बांधायचा आणि टीव्हीसमोर जागच्या जागी पळायचं, की पडद्यावरचा गडी डोंगर चढायला लागतो. किती अंतर झालं ते शेवटी पडद्यावर येतं. लेक कामावरून आली की त्याचा फोटो काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. खाली आत्या, मावश्यांचे अंगठे.

पहिले चार दिवस मी इमानदारीत पळालो. पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा शेजारी, डोळे लालभडक. "राव, नाइट करून आलोय. झोपू द्या की जरा."

मी माफी मागितली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, गुडघे ठणकत होते. मी कॉटच्या कडेला टेकलो आणि सहज पाय हलवला. पडद्यावरचा गडी पळायला लागला.

मग रोज तेच. बसल्या बसल्या, आवाज न करता, चार किलोमीटर. आणि मी कोण? माप न घेताच तक्त्यावर 'ओके' लिहिणाऱ्या पोरांना लाइनवर सगळ्यांदेखत झाडणारा माणूस. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. मोजा काढून एकेक बोट चाचपायचो, घाबरायचो आणि पुन्हा बसूनच पाय हलवायचो. एवढी भीती असून माणूस उठत कसा नाही? बहुतेक त्या भीतीनंच मला बसवलं होतं. खरंच पळालो आणि तरीही साखर उतरली नाही, तर पुढे काय उरलं असतं?

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर आधीपेक्षा जास्त.

"असं होणारच नाही," लेक डॉक्टरांवर चिडली. "पप्पा रोज चार किलोमीटर पळतात. हे बघा." तिनं मोबाइल पुढे केला. एकामागून एक फोटो, एकही दिवस चुकलेला नाही. डॉक्टरांनी ते शांतपणे पाहिले. म्हणाले, "एवढं करूनही ही साखर असेल, तर दुखणं बरंच पुढे गेलंय."

लेकीचा चेहरा पडला. तिला आजोबांचा पाय आठवला असणार. ती रडायला लागली आणि मला ते बघवेना.

"बसून," मी म्हणालो. "मी बसून पळायचो."

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणखी एक संधी देतो म्हणाले. रिक्षात मी लेकीला दोनदा हाक मारली, ती बाहेर बघत राहिली. मला स्वतःची शिसारी आली.

घरी आल्यावर तिनं जमिनीवर जुनी गादी अंथरली, खाली आवाज जाऊ नये म्हणून. खाली बसून माझ्या मांडीला पट्टा बांधला. मग कॉटवर आडवी झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भिंतीकडे तोंड करून.

"पळा," म्हणाली.

दोन मिनिटांत धाप लागली. गुडघ्यातून कळ निघाली. मी सवयीनं मागे वळलो, पण टेकायला बोटभर जागा नव्हती. तिची पाठ हुंदक्यांनी हलत होती. मी पळत राहिलो.