आठव्या थेंबाला पिवळं

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत जनावर आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्म दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत गेला. समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा लांबून. तरी घरात समुद्राचं पाणी सांभाळायची पाळी आली ती माझ्यावरच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, डोकं शाबूत राहिलं. बाग भाच्याला कसायला दिली आणि आम्ही नाशकात मुलाच्या फ्लॅटवर आलो. मुलगा सातपूरला कारखान्यात होता, लग्न व्हायचं होतं. मालक सकाळी खुर्चीत बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. खिडकी नको, टीव्ही नको. व्यायाम द्यायला बाई यायच्या, त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे मनानं उठले नाहीत तर अंगानं उठणार नाहीत, फार दिवस काढणार नाहीत. चार महिने मालक माझ्याशी ‘पाणी’ आणि ‘नको’ एवढंच बोलले.

मुलाला माशांचा नाद. त्यानं तीन फुटांची काचेची टाकी आणली, मुंबईहून मीठ मागवून खारं पाणी कालवलं आणि खडक रचले. पहिला महिनाभर त्यात काहीच नव्हतं. पाण्यातलं विष आधी जिरू द्यावं लागतं, म्हणायचा, आणि रोज नळीत पाणी घेऊन थेंब टाकून बघायचा. मग त्यानं तीन प्रवाळ आणले. एक जांभळा, बोटांसारखा. एक हिरवा, बटणांचा पुंजका. एक अक्रोडाच्या गरासारखा, वळ्यावळ्यांचा. त्या संध्याकाळी मालकांनी खुर्ची वळवायला लावली.

“हे खातं काय?” त्यांनी विचारलं.

चार महिन्यांतला पहिला प्रश्न. मुलगा म्हणाला, “पाण्यातलं कॅल्शियम खातं, बाबा. आणि त्याच्या जोडीचा एक क्षार.”

कॅल्शियम म्हटल्यावर मालक सरळ बसले. बागेला त्यांनी ठिबकमधून ते किती वर्षं दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर मागितलं आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या आकड्यांत, टाकीत पाणी भरल्यापासूनचे दिवस लिहून काढले.

द्राक्षवाला माणूस तारीख मोजत नाही. छाटणीपासूनचे दिवस मोजतो. अमक्या दिवशी हा डोस, तमक्या दिवशी ती फवारणी. रोग दिसायची वाट बघत बसला तर डावणी बाग घेऊन जाते. पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून मग खत ठरवायचं, हे नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे आलं. मालक देठ तपासून आणायचे, कागदाची घडी खिशात घालायचे आणि डोस दिवस मोजूनच द्यायचे. बाग चांगली यायची, मग कोण बोलणार?

आठवड्याभरातच मुलाला कंपनीनं तीन महिन्यांसाठी चेन्नईला पाठवलं. जाताना त्यानं मला तो जोडीचा क्षार मोजायला शिकवलं. नळीत खुणेपर्यंत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतला एकेक थेंब टाकून हलवायचं. निळ्याचं पिवळं झालं की थेंब किती लागले ते लिहायचं. नव्या कालवलेल्या पाण्याला आठ लागायचे.

“आकडा उतरायला लागला तर समजायचं, हे खायला लागलेत,” तो म्हणाला. “नाही उतरला तर काही टाकायचं नाही. टाकी नवी आहे, जीव लहान आहेत. आई, तू फक्त मोज. कॅल्शियमच्या आणि क्षाराच्या त्या दोन बाटल्यांना हात लावू नको.”

मी थेंब टाकायचे, मालक मोजायचे. आठवड्यातून दोनदा पुरे असताना मी भीतीपोटी रोज मोजलं. रोज आठ. तीन आठवड्यांत किटमधलं औषध संपलं.

मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार पोरसवदा, बोलण्यात पटाईत. “आजी, ह्या पट्ट्या घ्या. पाण्यात बुडवा, रंग बघा, झालं.”

मी डब्यावरचे रंग बघितले. “हा हिरवा आणि हा शेजारचा हिरवा, फरक काय?”

“थोडासाच.”

“मला तोच बघायचाय. आणि हे खाऱ्या पाण्याचं आहे का?”

“पाणी ते पाणी, आजी.”

“मग समुद्राचं पी की.”

त्यानं हसत दुसरं खोकं काढलं, थेंबांचं. मी उलटं करून बघितलं. तारीख उलटून दोन महिने झालेले.

“दोन महिन्यांनी काय होतं?” तो म्हणाला.

“दूध असतं तर विकलं असतंस?”

त्यानं खोकं आत ठेवलं. मुंबईहून चार दिवसांत मागवतो म्हणाला. मी रिकाम्या हातानं घरी आले. किट ओळखता आलं, याचा मला ताठा झाला होता. पण घरात आता मोजायला काही नव्हतं आणि कॅलेंडर भिंतीवर होतं.

“आज साठावा दिवस,” मालक म्हणाले. “डोस द्यायचा.”

“आकडा उतरलेला नाही. काल आठच होता.”

“आज किती हाय ते सांग.”

“किट कुठंय सांगायला?”

“मग? उपाशी मारते का त्यांना? दिसंल तवा द्यायचं म्हणलं असतं तर बाग उभी ऱ्हायली असती का? तीस वर्षं मी बाग केली. तुला लय कळतंय!”

जीभ जड, तरी आवाज जुना होता. बांधावर उभं राहून मला झापायचे तो. मुलाला फोन करायला हवा होता. तो नाही म्हणाला असता आणि हे परत भिंतीकडे वळले असते. म्हणून फोन केला नाही. मालकांचा हात चालत नव्हता. डोस मी टाकला. आधी कॅल्शियम, तासाभरानं दुसरी बाटली. दोन्ही एकदम घातली की पाणी फाटतं, एवढं त्यांना ठिबकवरून माहीत होतं. कसं द्यायचं ते बरोबर केलं. द्यायची गरज नव्हती, एवढंच.

त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी परत डोस. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या सकाळी टाकीत पाणी नव्हतं, ताक होतं. काचेवर पांढरा थर, खडकांवर पीठ सांडल्यासारखं. बटणं मिटलेली. जांभळ्या बोटांची कातडी सुटून पाण्यात लोंबत होती. संध्याकाळपर्यंत मेलेल्या खेकड्याचा वास सुटला. मी तो प्रवाळ काढून टाकला. मालक बघत होते. मग म्हणाले, “खुर्ची फिरव.”

मी फिरवली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत.

मुलाला फोन केला, होतं ते सगळं सांगितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, “एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदल. आणि मोज.”

नवं किट आलं होतं. नवा तराजू आणला की मी आधी ओळखीचं वजन टाकून बघते. तसं आधी कोरं कालवलेलं पाणी मोजलं. आठव्या थेंबाला पिवळं. किट खरं होतं. मग टाकीचं पाणी घेतलं. “मोजा,” मी मालकांना म्हटलं. पाठ माझ्याकडेच राहिली. मीच मोठ्यानं मोजायला लागले. नळी हलवायची, थेंब धरायचा, रंग बघायचा, तोंडानं आकडा म्हणायचा. आठला निळं, नऊला निळं.

“दहा. बारा.”

“अकरा,” भिंतीकडून आवाज आला.

मुलाला वाटतं मी मुद्दाम चुकले. मी मुद्दाम काही केलं नाही. माझी मोजणी खरंच चुकली. त्यांनी बारा म्हटलं, तेरा म्हटलं. तेराला पिवळं झालं. पाचाची चूक आम्ही दोघांनी केली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोजली. मग त्यांनी भाकरी मागितली.

पाणी बदलून बदलून आकडा आठवर आला. बटणं उघडली, अक्रोड फुगला. कॅलेंडरवर मालक आता दिवस लिहीत नव्हते, थेंब लिहीत होते. आठ, आठ, आठ. मध्ये काचेवर गुलाबी ठिपके दिसले. मला द्राक्षावरचा भुरी रोग आठवला. मालक म्हणाले, “हात लावू नको. आधी पोराला विचार.” मुलगा म्हणाला, चांगलं लक्षण आहे, तेही कॅल्शियमच खातं.

मुलगा परत यायच्या आठवड्यात मी नळी उजेडाला धरली होती. खुर्ची अजून भिंतीकडेच होती. मालक मोजत होते. “पाच. सहा. सात.”

पुढचा थेंब टाकायची गरज नव्हती. मी सांगितलं, पिवळं झालं.

ते म्हणाले, “परत घे.” परत घेतलं. सात. दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी सहा.

“खायला लागले,” मालक म्हणाले. “अर्धाच डोस दे. उद्या परत मोजू.” आणि खुर्ची टाकीकडे फिरवायला सांगितली.

ते पुढे कधी चालले नाहीत. व्यायामाच्या बाईंना मात्र हात लावू दिला. आणखी अडीच वर्षं काढली, तोंड टाकीकडे करून.