दादाची प्लेट शोधायला पेण-रोहा

माणसं पेणला गणपती आणायला जातात, मी गाणं आणायला निघाले होते. नवऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "येताना पापड तरी आण, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं." गोष्ट नव्वदीच्या मध्यावरची. तेव्हा ब्लॉग नव्हते, त्यामुळे हे प्रवासवर्णन चांगलंच उशिरा लिहितेय. रस्ते आता बदललेत, तेवढं सांभाळून घ्या.

आधी गाण्याबद्दल सांगते. पेणच्या आमच्या घरी संध्याकाळी शुभंकरोती व्हायची आणि जेवणं आटपली की माझा थोरला भाऊ, दादा, शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून बसायचा. त्या खरखरीतून अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांचं सोल यायचं, गिटारवरची लोकगीतं यायची, रॉक यायचं. मी शाळकरी पोर, इंग्रजीच्या नावाने बोंब. दादा म्हणायचा, शब्द राहू देत, गाणारी श्वास कुठे घेते ते ऐक. तेव्हा जे वेड लागलं ते केस पिकले तरी उतरलेलं नाही. पुढे तो मुंबईच्या फुटपाथवरून जुन्या रेकॉर्डी आणू लागला. त्यांना आम्ही प्लेटाच म्हणायचो.

दादा गेला. वर्षभराने वहिनीने प्लेटांचा खोका माझ्याकडे पाठवला, त्यात एक कव्हर रिकामं होतं. ती सोल गायिका फारशी नावाजलेली नव्हती. तिचं ते गाणं कॅसेटवर कधी आलं नाही, पुण्या-मुंबईच्या दुकानदारांनी मला हात जोडले. दादा दाढी करताना ते गुणगुणायचा. मला त्याची सुरुवात आठवत होती, शेवट आठवत होता, पण मधल्या एका ओळीची चाल काही केल्या येईना. आदल्या वर्षापर्यंत ती येत होती. दादाचा आवाज आम्ही कधी टेप केला नव्हता, माझ्याकडे त्याचं असं हे गुणगुणणंच उरलं होतं. तेही हळूहळू पुसलं जातंय या विचाराने मला भीती वाटायला लागली, आणि मी रजा टाकली.

पुण्याहून पेणला जायचं तर खोपोलीमार्गे एसटी धरावी आणि जमलं तर डावीकडची खिडकी पकडावी. घाट उतरला की हवा दमट होते आणि स्वेटर पिशवीत जातो. जानेवारी संपत आला होता. पेणच्या स्टँडवर उतरल्यावर पहिल्यांदा पोह्यांच्या गिरणीचा वास आला. तिथला पातळ पोहा मी न धुता, नुसता तेल-मीठ लावून खाल्ला आहे, तुम्हीही खा. आमच्या गल्लीत गणपतीच्या कारखान्याबाहेर बिनरंगाच्या मूर्ती उन्हात मांडलेल्या होत्या. माहेरी वहिनीने वालाचं बिरडं केलं होतं. प्लेटेबद्दल विचारलं तर म्हणाली, ती सुधाकरभावोजींनी नेली असेल, त्यांनी नेलेलं काही परत आलेलं मला तरी आठवत नाही.

सुधाकर म्हणजे दादाचा वर्गमित्र, रोह्याच्या एका कंपनीत नोकरीला. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने रोह्याला गेले. पेणचं स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा आधीच ठरवून ठेवा. तिकीट किरकोळ, पण घड्याळ बघू नका. मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी कासूला इतका वेळ थांबली, की समोरच्या बाईंनी विकायला नेलेल्या बोरांतली निम्मी आम्हालाच विकली. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम चाललं होतं. डब्यातल्या प्रत्येकाला ती कधी सुरू होणार हे ठाऊक होतं आणि प्रत्येकाची तारीख वेगळी होती.

सुधाकरचं घर कुंडलिकेच्या पुलापासून जवळ. रात्रपाळी करून झोपलेला माणूस, तरी उठून बसला. चहा घेताना दादाचा विषय निघाला. मग त्याने सांगितलं, की तरुणपणी तो जोडधंदा म्हणून लग्नांना लाऊडस्पीकर पुरवायचा. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात त्याने एका हळदीला गंमत म्हणून दादाची ती प्लेट लावली, आणि लोक असे काही नाचले की त्यानंतर त्या गावातलं प्रत्येक आमंत्रण प्लेटेसकट यायचं. धंदा मोडला तेव्हा त्याने ती तिथल्या, लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीच्या हिराजीला देऊन टाकली.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. वडखळ पेणच्या उशाशी, आणि मी रोह्याला येऊन बसले होते. सुधाकर म्हणाला, लग्नसराई आहे, हिराजी घरी सापडायचा नाही, सरळ हळदीच्या मांडवातच जा.

रात्री रोह्यालाच मुक्काम करून तिसऱ्या दिवशी नागोठण्यामार्गे एसटीने वडखळला आले. नाक्यावर अलिबागला निघालेल्यांची गर्दी होती, तिथे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण दहा-बारा रुपयांत पोटभर मिळालं. पुढे मिठागरांच्या बांधावरून टमटम. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन आणि मिठाचे लहान ढीग. सहप्रवासी हळदीलाच निघाले होते, त्यामुळे पत्ता विचारावा लागला नाही.

मांडवात शिरले तशी नवरदेवाची आजी म्हणाली, "ये गो, बस. कुनाची तू?" हा प्रश्न मला अवघड होता. मी दादाचं नाव सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. सुधाकरचं सांगितलं, तर माझ्या हातात सरबत आलं.

हिराजी पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. माझं येणं कशासाठी ते ऐकून तो मला मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे पाटावर वाद्यांची पूजा मांडली होती. बेंजो, ढोलकी, त्यांच्यापुढे नारळ, आणि मधोमध दादाची प्लेट.

ती पिवळी झाली होती. दर लग्नात वाजवायला बसण्याआधी वाद्यांना हळद-कुंकू वाहतात, तसं प्लेटेलाही वाहत आलेले होते. वर्षानुवर्षांची हळद रेघांत घट्ट बसली होती, मधल्या कागदावरचं गायिकेचं नाव कुंकवाखाली गेलं होतं. सुई ठेवायला जागा उरली नव्हती.

"आमचा गुरू हाय तो," हिराजी म्हणाला. "प्लेटची मशीन गेली, मंग गाना बेंजोवर बसवला."

मला रडूच यायला लागलं. एवढी वणवण करून हाती आलं ते मुकं. कोमट पाण्याने, मऊ कापडाने पुसून बघावी का, एखादी ओळ तरी ऐकू येईल, असंही मनात आलं. हिराजीला ते समजलं असावं. तो म्हणाला, "तुमच्या भावाची हाय. न्यायची तर न्या, आमी नाय म्हननार नाय. पन आज वाजू द्या."

दिवेलागण झाली, हळद लागली, आणि बेंजो सुरू झाला. पहिल्या सुरांनाच मी ओळखलं. लय दुप्पट, ढोलकी आगरी ठेक्याची, पण गाणं तेच. बायका, म्हातारे, सगळे उठले. आणि मग ती मधली ओळ आली. मी श्वास रोखून ऐकली. ती संपली आणि पुन्हा आली, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी नवरदेवाच्या मामाला चौघांनी उचलून वर धरलं. तिसऱ्यांदा खाली ठेवल्यावर गाणं पुढे सरकलं.

वाजवून झाल्यावर मी हिराजीला विचारलं, ती ओळ तीनदा का?

"तितं प्लेट अडकायची. तीनदा झाला का सुधाकरशेठ बोटान सुई पुढं सारायचे. आमी तसाच शिकलो." मग त्याने जरा काळजीने विचारलं, "का? तसा नाय का गाना?"

मी म्हटलं, "तसंच आहे."

त्याने पुन्हा प्लेट न्यायची का विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही. रिकामं कव्हर पिशवीत होतं, ते मी त्याला दिलं. त्यावरचा गायिकेचा फोटो त्याने बराच वेळ न्याहाळला आणि आजीला नेऊन दाखवला. आजी म्हणाली, आपल्यातलीच वाटते.

मुक्कामाला पेणला परतले आणि सकाळी पापड घेऊन पुण्याची एसटी धरली. घाटभर ती ओळ तोंडात घोळवत होते, पुन्हा निसटायला नको म्हणून.

घरी नवऱ्याने विचारलं, मिळालं का गाणं? मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याला म्हणून दाखवलं, अगदी पहिल्यापासून. मधली ओळ आली. ती मी म्हटली, मग पुन्हा म्हटली, मग पुन्हा, आणि पुढे गेले. दादा ती एकदाच म्हणायचा, हे मला पक्कं माहीत आहे. तशी एकदाच म्हणून बघायचा मी त्या दिवशी आणि नंतरही पुष्कळ प्रयत्न केला. मला ती आता तीनदाच येते.