बोलण्याआधी वाचणारी मुलगी

आमची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. काचेच्या पेटीतल्या त्या मुठीएवढ्या जिवाकडे बघत डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूची बरीच वाढ अजून व्हायची आहे. लक्ष ठेवा." तेव्हापासून मी लक्षच ठेवत होतो. ती हसली की घाबरायचो, नाही हसली तरी घाबरायचो.

तीन वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. एका सकाळी सिंहगड रोडच्या थांब्यावर ती माझ्या कडेवर होती. धायरीची पाटी लावलेली बस आली आणि कानाशी स्पष्ट आवाज आला, "धायरी." मला वाटलं, मागून कुणी बोललं. मग तिनं समोरच्या दुकानाकडे पाहिलं. "औषधे." तिला अक्षरं कुणीच शिकवली नव्हती. आनंद व्हायचा सोडून मी घाबरलो. जिनं मला अजून बाबा म्हटलं नव्हतं, ती पाट्या वाचत होती.

बायको ऐकून आधी हसली, मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मुलीसमोर धरलं. यवतमाळहून आलेली माझी आई म्हणाली, "कोनाले सांगू नोको, नजर लागते."

बिबवेवाडीतल्या बालविकासाच्या डॉक्टरांनी विचारलं, "वाचते. पण तहान लागली तर पाणी मागते का?"

"नाही."

"मेंदू सगळीकडून सारखा वाढत नाही. हिचं वाचन पुढे पळालंय, बोलणं मागे राहिलंय."

"म्हणजे ही हुशार आहे, की आजारी?"

"ते आज सांगणारा डॉक्टर तुम्हाला फसवेल. वाचनाच्याच वाटेनं बोलणं येतंय का, बघू."

घरभर चिठ्ठ्या लागल्या. पाणी, दार, आई. माझ्या शर्टावर 'बाबा'. ती माझ्या छातीवर बोट ठेवायची, "बाबा" म्हणायची आणि निघून जायची. हाक मारतेय, की नुसती अक्षरं वाचतेय?

बऱ्याच महिन्यांनंतर एका सकाळी मी उघड्या अंगानं, 'बाबा'च्या चिठ्ठीशिवाय दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाबा, पाणी!" धावत गेलो, तर ती रिकामा पेला घेऊन उभी. तोंडाला फेस तसाच ठेवून मी तिला उचललं. ती घाबरून रडायला लागली, मीही रडलो.

आता ती आठ वर्षांची आहे. मोठ्यांची विज्ञानाची पुस्तकं वाचते. शाळेतल्या बाई तिला असामान्य म्हणतात. पण बुटाची नाडी बांधता येत नाही, मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरते. परवा तिनं विचारलं, "बाबा, माझा मेंदू अजून वाढतोय?"

"हो."

"मग पुढे तो कसा होणार, ते कुणाला माहितीय?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

ती पुन्हा पुस्तकात गेली. मी तिच्या शेजारी बसून तेच पान वाचू लागलो.